वीस मोजूस्तोर

चतुराबाईच्या तोंडाला लागायची करमाडात कुणाची टाप नव्हती. पुढं लेकाच्या नोकरीपायी औरंगाबादेत बिऱ्हाड आलं, तेव्हा शहागंजच्या मागच्या गल्लीतही महिनाभरात तेच झालं. भाजीवाला तिच्या दारापुढनं जाताना कवळी भाजी आधीच वर काढून ठेवायचा, उगीच सकाळ सकाळ पाणउतारा नको म्हणून. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत हिचं उत्तर तयार. कधी कधी तर समोरच्याचं बोलणंसुद्धा हीच संपवून टाकायची.

तिला त्याचा गर्व होता, आणि गर्वाला कारण होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीची गोष्ट. चतुरा तेव्हा चौदाची. रझाकार दारात आले आणि बंदुकीचा दस्ता उंबऱ्यावर आपटून म्हणाले, "बाप कहाँ है?" बाप परसात कडब्याच्या गंजीत दडलेला. धाकटा भाऊ फकिरा बिचारा भोळा, तो खरं सांगायला तोंड उघडत होता. चतुरानं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "पाचोडला मावशी वारली, मयतीला गेलेत. परवा येतेल." एका दमात. ते निघून गेले. दिवस मावळताना शेजारच्या कमरोद्दीनचाच्यानं बापाला आपल्या बैलगाडीत घातलं, वर गवत टाकलं आणि शिवेपार नेऊन सोडलं. बाप जगला. त्या दिवसापासून चतुराच्या काळजात एकच गोष्ट खिळा ठोकल्यासारखी बसली. जो अडखळला, तो गेला.

शाळेत ती तीनच महिने बसली होती. वीसपर्यंत आकडे आले, मग शाळाच उठली. पुढचं सगळं आयुष्य तिनं विसाच्या हिशेबानं काढलं. भाकरी विसाच्या, आंबे विसाचे, वयसुद्धा दोन विसा आणि वर दहा.

अशा बाईच्या घरात देवानं द्वारका घातली.

द्वारका तिची नात. लेक बद्रीनाथ चिकलठाण्याच्या कारखान्यात, सून आशाबाई घरात, आणि ही नऊ वर्षांची पोर. दिसायला आजीसारखीच, तीच धारदार नाक-हनुवटी. पण काही विचारलं की नुसती बघत राहायची. डोळे समोरच्यावर, पण बघणं कुठं आतल्या आत. खोल विहिरीत पोहरा सोडावा आणि दोर ओढता ओढता हात दुखून यावेत, तसं तिचं उत्तर वर यायला वेळ लागायचा. तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा.

सकाळी आशाबाई विचारायची, "का गं, झोपंत हसत व्हतीस?" पोरगी बघायची. वेणी व्हायची, दप्तर भरून व्हायचं, शाळा व्हायची. आणि सांजच्याला सगळे ताटावर बसलेले असताना मधूनच ती म्हणायची, "बकरी आली व्हती. बाईच्या खुर्चीत बसली, आन् हजेरी घेतली."

बद्रीनाथला घास घशात अडकेस्तोवर हसू यायचं. आशाबाई तर त्या सांजच्या उत्तरांची वाटच बघायची. दिवसभर पोरीला काय काय विचारलं ते ती ध्यानात ठेवायची, कारण कुठलं उत्तर कधी येईल नेम नसायचा, आणि प्रश्न आठवला नाही तर उत्तराची चव जायची.

चतुराबाई मात्र ताट सरकवायची. "सकाळची शिळी भाकर सांच्याला वाढती व्हय गं? उद्या सासरी इचारतील भाजीत मीठ घातलं का, तर ही परवा सांगंल."

शाळेतल्या अजराबाई एक दिवस घरी आल्या. द्वारकेच्या वर्गाच्या बाई त्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण जीव तुटला की दखनी तोंडात यायची. चहाची बशी हातात धरून म्हणाल्या, "अम्मा, पोरीला येतं सगळं. पाढा येतो, धडा येतो. फक्त तिला वेळ लागतो. मी तिला दहाऐवजी चारच गणितं देते. चारही बरोबर असतात. बाकीची पोरं दहा करतात आणि पाच चुकतात."

"मंग काय आरती ओवाळू का?"

"नाही अम्मा. एवढंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. विचारलं की आपण गप्प बसायचं. मनात वीस मोजायचे. मधे दुसरा सवाल टाकायचा नाही. तिच्या वतीनं आपण बोलायचं नाही. वीस मोजूस्तोर ती बोलतेच. बोलेगी, जरूर बोलेगी."

"वीस मोजूस्तोर माझं दूध उतू जातंय, बाई."

"तिच्यात सगळं आहे. विहीर खोल आहे, एवढंच."

"खोल हिरीवर कोन जातंय आता? लोकं नळावर जातेत." चतुराबाईनं बशी उचलली, म्हणजे उठा. "आन् एक सांगते. आमच्या घरात मंद कुनी नाय. ह्या गल्लीत असलं काय बोलू नका, भिताडाला कान असतेत."

अजराबाई गेल्या. आशाबाई मात्र त्या दिवसापासून तव्यावर भाकर टाकता टाकता ओठांतल्या ओठांत आकडे म्हणायला शिकली. सासूला ते दिसायचं. सासू भांडं आपटायची.

आणि मग पाचोडहून भागूबाई आली, चतुराबाईची चुलतजाऊ. दोघींचं जन्माचं वैर, पण वैर गोडीगुलाबीचं, एकमेकींना चोळी-बांगडी करत टोमणे मारायचं. तिनं पोरीला जवळ घेतलं. "नाव काय गं तुजं बाई?"

द्वारका बघत राहिली.

"कितवीला हायेस? ...आगं बोल की. भूक लागली का? ...आं?" तीन प्रश्न एकावर एक पडले. द्वारकेचे ओठ हलले, थांबले. भागूबाईनं तिच्या गालावरनं हात फिरवून चतुराबाईकडं बघितलं आणि पदरात हसली. "बाई बाई! आजीनं सगळ्या खानदानाचं बोलनं एकटीनंच बोलून टाकलं वाटतं. पोरीला काय उरलंच नाय."

चतुराबाई चहाच्या निमित्तानं उठून आत गेली. भागूबाई एसटीत बसून गेली, पण ते वाक्य घरात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सुपात ज्वारी घेतली, द्वारकेला समोर बसवलं आणि शेजारी गुळाचे बारीक खडे मांडले.

"हे बघ. कुनी बी काय बी इचारलं, की लगीच काय म्हनायचं? व्हय म्हनायचं. म्हन."

पोरगी बघत राहिली. चतुराबाईनं स्वतःच तिची हनुवटी हलवली. "व्हय."

"...व्हय."

"हां!" गुळाचा खडा तळहातावर.

"जेवलीस का?" थांबली की गूळ नाही. लगेच बोलली की गूळ. "अभ्यास झाला का? साळा सुटली का? आई घरात हाय का?" व्हय, व्हय, व्हय. पोरगी मुळात कामाची चिवट. ज्वारी निवडायला बसली तर अर्धा दिवस लावील, पण एक खडा सुटू देणार नाही. हेही तिनं तसंच मन लावून शिकून घेतलं. पंधरा दिवसांत अशी तयार झाली, की प्रश्नाचं शेपूट अजून विचारणाऱ्याच्या तोंडात असायचं आणि इकडून "व्हय" यायचं. ते म्हणून झालं की उजवा तळहात आपसूक वर व्हायचा.

शेजारची सरूबाई म्हणाली, "द्वारकी लई सुधारली हो! कसं टकाटका बोलती."

"घरचं वळन हाय," चतुराबाई म्हणाली, आणि त्या दिवशी सरूबाईला वाटीभर तूप दिलं.

आशाबाई एकदा धीर करून म्हणाली, "आत्याबाई, ती काय बी न समजताच व्हय म्हनतीया. काल म्या इचारलं पाय दुखतो का, तर व्हय. मंग इचारलं दुखायचा ऱ्हायला का, तर तवा बी व्हय."

"समजून उमजून बोलनारीनं तू तरी कुठं दिवे लावलेस?"

आशाबाईनं पदर खोचला. मग चुलीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "आन् आता सांजचं ती काय बोलतच नाय."

खरंच होतं ते. सांजची उत्तरं बंद झाली होती. चतुराबाईला ते कळलंही नव्हतं. तिला वाटलं होतं, घर शांत झालं.

थंडीचे दिवस होते. अजराबाई भावाच्या लग्नाला कन्नडला गेल्या आणि तिकडंच आईच्या आजारपणात अडकल्या. त्याच आठवड्यात शाळेतनं शिपाई बोलवायला आला.

शिवणाच्या बाई म्हणजे वच्छलाबाई. त्यांचं मनगटावरचं घड्याळ गेलं होतं. लग्नात माहेरनं आलेलं. शिवणाच्या खोलीत शेवटी द्वारकाच होती, कारण तिचा टाका सगळ्यांत शेवटी व्हायचा. तिला विचारलं, तू घेतलंस का? ती म्हणाली, व्हय.

चतुराबाई नऊवारीचा काष्टा आवळून शाळेत गेली. हेडमास्तर शिवणाच्या खोलीतच होते. तिथं पाऊल टाकलं ते बोलतच. "कुनाच्या पोरीला चोर म्हनताय, मास्तर? करमाडात आमच्या खळ्यावर पोती उघडी पडलेली असतेत आन् गाव झोपतं, कुनी हात लावत नाय. आन् आमची पोर घड्याळ घेईल? तिला घड्याळ कळतं तरी का? ओ वच्छलाबाई, घरी इसरला असाल, नवऱ्याला इचारलं का आधी?"

वच्छलाबाईचा चेहरा रडवेला झाला. खोलीच्या दारात पोरापोरींची गर्दी. कोपऱ्यात पायाची शिवणमशीन, तिच्यावर पांढरं फडकं घातलेलं. द्वारका टेबलापाशी उभी होती, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. म्हणाला, "बाई, आम्ही काही लादलं नाही. तीच कबूल झाली."

"इचारा की मंग माझ्यादेखत! माझ्या म्होरं इचारा!"

"द्वारका, वच्छलाबाईंचं घड्याळ तू घेतलंस का?"

"व्हय."

चतुराबाई खाली वाकली. "द्वारके. म्या इचारतीया. तू घेतलं?"

"व्हय," द्वारका म्हणाली, आणि तिचा उजवा तळहात आजीपुढं आला. गुळासाठी.

त्या उघड्या तळहाताकडं चतुराबाई बघत राहिली. खोलीत तिच्याशिवाय कुणालाच तो कळला नाही. वच्छलाबाईला वाटलं, पोरगी माफी मागतेय. चतुराबाईला मात्र सगळं कळलं, एका झटक्यात, कारण झटक्यात कळणारीच बाई ती. एकच वाक्य बोलायचं होतं. मास्तर, हे म्या शिकवलंय. ती कशाला बी व्हय म्हनती. तिला इचारा तू निजामाची रानी हायेस का, तर व्हय म्हनंल. पोरगी सावकाश हाय, तिला येळ द्या.

वाक्य जिभेवर आलं होतं. दारात पोरं होती, पोरांच्या मागं दोन आया, त्यातली एक सरूबाईची भाची. चोर म्हटलं तर चार दिवस म्हणतील, पोरवय म्हणून सोडून देतील. मंद म्हटलं तर जन्मभर. उद्या ह्या पोरीच्या दारात पाव्हणा फिरकायचा नाही. चतुराबाईनं तेवढ्यात हा सगळा हिशेब केला आणि वाक्य गिळलं.

त्याच वेळी द्वारकेचे ओठ हलायला लागले. "व्हय" म्हणताना हलायचे तसे नव्हे, पूर्वीसारखे, सांजचे. डोळे त्या फडक्याखालच्या मशिनीवर लागलेले. काहीतरी वर येत होतं.

चतुराबाईनं खाडकन तिच्या मुस्काटात दिली.

"चल घरी."

जे वर येत होतं ते परत खाली गेलं. हात मात्र अजून पुढंच होता. त्याच हाताला धरून तिनं पोरीला गर्दीतनं ओढत नेलं.

बद्रीनाथनं त्या दिवशी पोरीला मारलं नाही. नुसता खाटेवर बसून राहिला आणि म्हणाला, "माझ्या पोरीनं चोरी केली." मग दप्तर उचलून माळ्यावर टाकलं. गल्लीत पोरं "घड्याळवाली, किती वाजले गं?" म्हणून ओरडायची. किती वाजले ह्याला "व्हय" हे उत्तर नसतं, पण द्वारका तेच द्यायची, आणि पोरं पोट धरून हसायची. आशाबाई दार लावून घ्यायची. चतुराबाई रोज पोरांच्या अंगावर धावून जायची, त्यांच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि आत येऊन गप्प बसायची. खरं काय ते तिनं लेकाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. एक विसा दिवस झाले, वर दोन.

तेविसाव्या दिवशी अजराबाई आल्या. कन्नडहून आल्या त्या तशाच शाळेत गेलेल्या आणि तिथून इकडं. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "घड्याळ सापडलं, अम्मा. मशिनीला तेल घालायला कारागीर आला होता. खालच्या खणात, रिळांच्या डब्यामागं. वच्छलाबाईंनीच काढून ठेवलं होतं, हात धुताना. त्या रडतायत."

आशाबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"मशिनीत?" चतुराबाईनं विचारलं.

"मशिनीत. द्वारका शेजारीच बसायची. तिनं ठेवताना बघितलंच असणार." अजराबाई खाली बसल्या. "मग ती व्हय का म्हणाली? अम्मा, मला तेच समजत नाही. क्यूँ बोली वो?"

चतुराबाईला ते डोळे आठवले, फडक्यावर लागलेले. हलणारे ओठ आठवले. आणखी थोडं. फार तर वीस.

"म्या शिकवलं," ती म्हणाली. "गूळ देऊन शिकवलं. आन् तिथं समजलं तरी बोलले नाय. ती सांगत व्हती. म्या थोबाड फोडलं तिचं."

अजराबाईंनी डोळ्याला ओढणी लावली. आशाबाई उठली. पिठाच्या हातानंच तिनं फळीवरचा गुळाचा डबा काढला, सासूच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "वीसच मोजायचे व्हते, आत्याबाई. तुमाला तर तेवढं येत व्हतं."

आजपर्यंत सून एवढं उलट बोलली असती, तर चतुराबाईनं तिचं माहेर काढलं असतं. ती डबा तसाच ठेवून उठली आणि मागच्या दारी गेली.

मागच्या ओट्यावर उन्हाच्या पट्ट्यात द्वारका ज्वारी निवडत बसली होती. शाळा बंद झाल्यापासून घरातलं सगळं निवडण तिच्याकडंच होतं. सुपात बोट फिरायचं, थांबायचं, खडा उचलायचा, शेजारच्या वाटीत टाकायचा. चतुराबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"द्वारके, घड्याळ गावलं."

"व्हय." तळहात वर.

"तू नव्हतं घेतलं. तुला ठावं व्हतं ते कुठं हाय."

"व्हय." तळहात तसाच.

"साळंत जायचं का परत? अजराबाई न्यायला आल्यात."

"व्हय."

जायचंय म्हणून व्हय, की आजीला आवडतं म्हणून व्हय? कसं ओळखायचं? दुनियेच्या तोंडावरची माशी हलली तरी मनातलं ओळखणारी बाई ती, आणि ह्या एवढ्याशा पोरीच्या मनात काय आहे ते तिला कळेना. दाराला तिनं स्वतःच असं कुलूप घातलं होतं, की आता किल्ली तिच्याकडंही नव्हती.

"इथं दुखतं का अजून?" तिनं पोरीच्या गालाला बोट लावलं.

"व्हय."

"नाय ना दुखत आता?"

"व्हय."

तळहात पुढं आलेला. रिकामा. चतुराबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत धरला, मिटला, आणि सुपाच्या काठावर ठेवला. "गूळ संपला," ती म्हणाली. "आता गूळ नाय. व्हय बी नको. तुला वाटंल ते म्हन, नायतर नको म्हनू." मग खूप वेळ ती बोललीच नाही. ठरवून न बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. जीभ दातांमागं माशासारखी तडफडत होती.

शेवटी तिनं विचारलं. एकच.

"माझा राग येतो का तुला?"

द्वारकेचं तोंड उघडलं. तो नेहमीचा शब्द ओठावर आलाच होता, पण तिचं लक्ष आपल्या हाताकडं गेलं, सुपाच्या काठावरच्या मिटलेल्या हाताकडं, आणि ती थांबली.

चतुराबाई मनात मोजायला लागली. एक. दोन. आत अजराबाईंचा आणि आशाबाईचा हळू आवाज. सात. आठ. द्वारकेनं एक खडा उचलला, वाटीत टाकला. बारा. चतुराबाईच्या ओठावर दहा उत्तरं येऊन गेली, पोरीच्या वतीनं द्यायची. नाय म्हन गं बाई. आजीचा कुनाला राग येतो का? सोळा. सतरा. विसावा आकडा आला आणि गेला. पोरगी बघतच होती, ते आतल्या आतलं बघणं. चतुराबाईला विसापुढं येत नव्हतं. तिनं परत एकपासून धरलं. एक विसा. दोन विसा. तुळशीपाशी चिमणी उतरली, उडून गेली. तिसरा विसा अर्ध्यात होता.

"व्हय," द्वारका म्हणाली.

आवाज बारीक होता, पण सांजचा होता. चतुराबाईनं खाली बघितलं. तळहात वर झाला नव्हता. सुपाच्या काठावर, तसाच घट्ट मिटलेला होता.

कित्येक दिवसांनी पोरीचं स्वतःचं उत्तर वर आलं होतं, आणि ते हे होतं.

चतुराबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पोरीचे ओठ अजून हलत होते. अजून काही यायचं होतं, किती होतं कोण जाणे. तिनं तोंड मिटलं, पदराचा बोळा दातांत धरला आणि परत एकपासून मोजायला घेतलं.